भीती दाखवायची असेल तर आधी फोनचा ‘ऑटो’ बंद करा

जून २०२५ मध्ये डॅनी बॉयलचा ‘२८ इयर्स लेटर’ आला आणि ‘आयफोनवर शूट झालेला हॉरर’ म्हणून त्याची जोरदार चर्चा झाली. त्यात एक गोष्ट मागे पडली. तो फोन एकटा नव्हता. त्याला बाहेरून महागड्या लेन्स जोडल्या होत्या आणि मागे अँथनी डॉड मँटल यांच्यासारखा ऑस्कर मिळवलेला छायाचित्रकार उभा होता. म्हणजे फोनने सिनेमा बनवला नाही, फोनकडून तो बनवून घेतला. हा फरक समजून घ्यायचा असेल, तर स्वतः दोन मिनिटांचा हॉरर करून बघण्यासारखा दुसरा धडा नाही.

दोन मिनिटं हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. केंब्रिज इंटरनॅशनलच्या मीडिया स्टडीज अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना एका काल्पनिक चित्रपटाची फक्त सुरुवात बनवायला सांगतात: जास्तीत जास्त दोन मिनिटं, टायटलसकट. नंतर आपण कोणतं तंत्रज्ञान कसं वापरलं, यावरही बोलावं लागतं. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात हा अभ्यासक्रम कोणी शिकत नसेल, पण मेहकर-चिखलीच्या पोट्ट्यांना तो करायला कोण अडवतंय? फोन आहे, वावरातला कोठा आहे, रातकिडे फुकट आहेत.

पण हॉररच का? कारण तुमच्या फोनचा कॅमेरा हॉररच्या विरुद्ध काम करतो. त्याचं सॉफ्टवेअर लिहिणारे माझ्यासारखेच इंजिनिअर. त्यांच्यापुढचा प्रश्न असतो वाढदिवसाच्या व्हिडिओत केकजवळचे सगळे चेहरे नीट दिसायला हवेत, हा. म्हणून अंधार दिसला की फोन घाबरतो. आयएसओ वाढवतो, सावल्या उजळतो, त्यातून आलेले दाणे पुसायला जातो आणि माणसाचा चेहरा मेणाचा करून टाकतो. जे लपवायचं होतं तेच तो दाखवतो.

म्हणून पहिली शिकवणी एक्स्पोजरची. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं. मग उजेड खाली ओढा. त्यापुढे जायचं असेल तर अँड्रॉइडवर ‘ओपन कॅमेरा’ किंवा ‘ब्लॅकमॅजिक कॅमेरा’ ही फुकट अ‍ॅप्स आहेत (दुसरं सगळ्या फोनवर चालत नाही). तिथे २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. फोन ३० फ्रेमवर १/६० शटर लावून बसला की व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात. अनेकांना तो फोनचा बिघाड वाटतो, पण असतो हा साधा गणिताचा घोळ.

दुसरं म्हणजे, रात्र रात्री शूट करू नका. ऐकायला विचित्र वाटेल, पण सिनेमावाले हे कित्येक दशकं करत आलेत. कातरवेळी, आकाश फ्रेमबाहेर ठेवून, एक्स्पोजर कमी करून शूट करा. व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनच्या आसपास लॉक केला की उजेड निळसर होतो आणि चांदणं पडल्यासारखं वाटतं. ‘तुंबाड’ आठवा. छायाचित्रकार पंकज कुमार यांनी खरा पाऊस आणि ढगाळ उजेड वापरला, त्यासाठी युनिट पावसाळ्याची वाट बघत राहिलं. २०१८ मध्ये आलेला हा चित्रपट सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावलं. लोकांना तो ओला, मळकट उजेडच बघायचा होता, असं माझं मत.

लोकेशन म्हणून लोणारचं विवर सगळ्यांच्या डोक्यात येणार. ते अभयारण्य आहे, वन विभागाच्या परवानगीशिवाय तिथे शूटिंग आणि ड्रोन दोन्ही विसरा. कोठा पुरतो.

आवाजाकडे मात्र बहुतेक जण बघतच नाहीत, आणि भीती तर कानातून शिरते. फोनला शांतता सहन होत नाही. सगळं गप्प झालं की तो माइकचा गेन आपोआप वाढवतो, त्यातून पंख्याची घरघर वर येते. मग दार धाडकन आपटलं की तोच आवाज दाबतो. शांतता आणि दणका यांतलं अंतर संपलं, म्हणजे हॉरर संपला. उपाय सोपा: दुसरा फोन रेकॉर्डर म्हणून घ्या, ऑटो गेन बंद करता येईल असं अ‍ॅप वापरा, फोन दाराजवळ ठेवा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, जुळवायला सोपं जातं. आणि रिकाम्या कोठ्याचा नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवा, कट लपवायला लागतो.

एडिटिंगला बसल्यावर आवाज हळूहळू पुढेमागे सरकला, तर दोष बहुधा फोनच्या बदलत्या फ्रेम रेटचा. ‘हँडब्रेक’मधून व्हिडिओ स्थिर फ्रेम रेटचा करून घ्या. आणि क्लिप मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर केबल लावा. कॉम्प्रेशनमध्ये सगळ्यात आधी काळा भाग फुटतो, आणि तुमच्या फिल्ममध्ये काळ्याशिवाय आहे काय?

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? गूगलचं ‘व्हिओ ३’ एका ओळीवरून आवाजासकट आठ सेकंदांचं भूत काढून देतं. देतं खरं. स्टोरीबोर्डसाठी खुशाल वापरा. पण त्यात उजेड किती, शांतता किती हे पुन्हा मशीनच ठरवतं, आणि आपल्याला नेमकं ते ठरवायला शिकायचं होतं.

शेवटचा ‘ऑटो’ आहे फॉरवर्डचा, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्यांचा म्हणून एक व्हिडिओ देशभर फिरला. तो कराचीत बनवलेल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. ‘हे नाटक आहे’ हे उलगडणारा शेवट कोणीतरी कापला होता. त्याच अफवांच्या काळात, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एकावेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली.

हॉररची सुरुवात तर आधीच तुकडा असते. कोठ्यात उभी असलेली पांढऱ्या लुगड्यातली बाई, खाली ‘आपल्या तालुक्यात काल रात्री’ अशी ओळ, एवढं पुरतं. मग त्या भागात एखादी अनोळखी, भटकी बाई दिसली, तर तिचं काय होईल? यूट्यूबवर वर्णनात लिहिलेलं फॉरवर्डबरोबर जात नाही, शेवटची पाटी तर कापलीच जाते.

सुदैवाने या कामातच तोडगा आहे. टायटल काळ्या पडद्यावर वेगळी देऊ नका. कलाकारांची, कॅमेरावाल्याची, कॉलेजची नावं थेट दृश्यांवर पसरवा, आणि भुताच्या शॉटवर तर ती बाई साकारणाऱ्या मुलीचं नाव हवंच, कोपऱ्यात नको, क्रॉप करता येणार नाही अशा जागी.