‘परीघ’ नावाची पळवाट

मराठी समीक्षेत गेल्या काही दशकांत जे शब्द विचाराची जागा बळकावून बसले, त्यांत ‘परीघ’ हा अग्रणी होय. दलित आत्मकथन परिघावरचे, आदिवासी कविता परिघावरची, स्त्रियांचे लेखन परिघावरचे आणि ग्रामीण कादंबरीही परिघावरचीच. वर्तुळाच्या परिघावरील प्रत्येक बिंदू केंद्रापासून समान अंतरावर असतो, हे भूमितीचे प्राथमिक सत्य जरी स्मरणात ठेवले असते, तरी या रूपकातील विसंगती ध्यानात आली असती. विषमतेची मीमांसा करण्यासाठी समीक्षेने समान अंतराची आकृती निवडावी, हा केवळ शब्दयोजनेचा प्रमाद नव्हे.

या गोंधळाचे खापर इंग्रजीवर फोडता येणार नाही. ज्या भाषेतून ही परिभाषा आली, तिथे काठ, कड आणि हद्द यांसाठी योजले जाणारे शब्द परस्परांचे पर्याय नाहीत. प्रत्येक शब्द वेगळा संबंध सूचित करतो. ‘बॉर्डर’ दोन बाजू गृहीत धरते. ‘लिमिट’ केवळ ‘इथवरच’ असे बजावते. पलीकडच्याविषयी काही सांगत नाही. ‘फ्रंटियर’ मात्र पुढे सरकणाऱ्याच्याच नजरेने पाहिलेली असते. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी १८९३ साली शिकागो येथे वाचलेल्या निबंधात अमेरिकी ‘फ्रंटियर’ ही युरोपातील दाट वस्तीतून जाणाऱ्या तटबंद सीमेहून भिन्न ठरवली आणि तिला मोकळ्या जमिनीचा काठ मानले. वस्तुतः ती जमीन मोकळी नव्हती. तिथे मूळ रहिवासी नांदत होते. त्यांना अदृश्य करण्याचे काम या शब्दाने केले. मराठीत ‘बॉर्डर’ आणि ‘फ्रंटियर’ या दोहोंची ‘सीमा’ झाली, की टर्नर यांचा दावाही दिसेनासा होतो आणि त्या दाव्यातील अन्यायही.

‘मार्जिन’ आणि ‘पेरिफेरी’ यांची गत याहून वाईट. ‘मार्जिन’ हा मुळात पानाचा काठ. जाक देरिदा यांच्या १९७२ च्या ‘मार्जिन्स ऑफ फिलॉसॉफी’ या ग्रंथातील पहिल्याच निबंधात मुख्य मजकुराशेजारी मिशेल लेरिस यांचे लेखन छापलेले आहे. काठ रिकामा नसतो, तिथूनही मजकुराशी झुंज देता येते, हे तिथे पानाची मांडणीच सिद्ध करते. ‘पेरिफेरी’ची वंशावळ निराळी. १९४९ मध्ये राउल प्रेबिश यांनी लॅटिन अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेसंबंधी केंद्र-परिघाची मांडणी केली, तेव्हा प्रश्न कच्चा माल विकणाऱ्या आणि पक्का माल विकणाऱ्या देशांमधील विषम देवघेवीचा होता. एक शब्द वाचनव्यवहाराचा, दुसरा शोषणाचा. मराठी समीक्षेने दोहोंसाठी ‘परीघ’ योजला आणि दोन्ही विचार गमावले. पानाच्या ‘मार्जिन’ला मराठीत ‘समास’ म्हणतात, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. समीक्षेला मात्र त्याची आठवण झाली नाही.

यावर आक्षेप येईल, की व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे आणि रूपके प्रवासात बदलतात. आक्षेप रास्त आहे. परंतु तो इथे लागू पडत नाही. प्रश्न शब्दाच्या मुळाचा नसून त्याने आज कोणते भेद दाखवावेत याचा आहे. संज्ञा लवचीक असावी, हे मान्य. तथापि जी संज्ञा कशालाही लागू पडते, ती कशाचेच विवेचन करीत नाही.

आणि हे भेद दाखवायला मराठी असमर्थ आहे काय? वेस, शीव, गावकूस, बांध, उंबरठा, काठ, समास हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दलित साहित्याने ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द समोर ठेवला, तेव्हा त्यात एक भिंत होती, भिंत घालणारे होते आणि बाहेर ठेवले गेलेले होते. शिवाय बाहेर ठेवलेला हा माणूस व्यवस्थेबाहेर कधीच नव्हता. वेशीची राखण करणारा वेसकर महारच असे. गावाच्या शिवेचा तंटा उद्भवला, की महाराची साक्ष निर्णायक ठरे. ज्याला वेशीच्या आत घर नव्हते, त्यालाच गावाची हद्द सर्वांत नेमकी ठाऊक होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते महार गावापासून दूर होता म्हणून नव्हे, तर वतनाने गावाशी जखडला गेला होता म्हणून. हे जखडलेपण ‘परीघ’ या शब्दात मावत नाही. ‘परीघ’ अंतर सांगतो, बंधन लपवतो. परिघावर असण्याला कोणी जबाबदार नसते. गावकुसाबाहेर असण्याला असते.

इथेच ‘परीघ’ या संज्ञेची खरी सोय उघड होते. ती वापरणाऱ्या समीक्षकाला सहानुभूतीचे पुण्य लाभते आणि भिंत कोणी घातली हे विचारण्याचे कष्ट वाचतात. तो स्वतः केंद्रात बसून वर्तुळ आखतो आणि कर्कटकाचे टोक कोठे रोवले आहे, हे मात्र सांगत नाही. तेव्हा एखाद्या संहितेला ‘परिघावरची’ म्हणण्यापूर्वी तिच्यातील काठ वेशीचा आहे, शिवेचा, उंबरठ्याचा की समासाचा, एवढे सांगण्याचे दायित्व समीक्षेने पत्करले पाहिजे. ते ज्या समीक्षेला पेलत नाही, तिने निदान ‘गावकूस’ हा शब्द पुसून त्याजागी वर्तुळ तरी काढू नये.