उपचार मोफत, पण दवाखान्यापर्यंत न्यायचे कोणी?

वस्त्यांमध्ये काम करताना हा प्रश्न आम्हाला सतत ऐकू येतो. १०८ ची रुग्णवाहिका तातडीच्या रुग्णासाठी, १०२ ची मुख्यतः गरोदर माता आणि बालकांसाठी. मग डायलिसिसला, फिजिओथेरपीला किंवा फेरतपासणीला व्हीलचेअरवरच्या माणसाने जायचे कसे? एसटीत दिव्यांगांना सवलत आहे, पण चढायला पायऱ्या आहेत. शेवटी खासगी गाडी ठरवावी लागते. जाण्यायेण्याचे भाडे, थांबण्याचे पैसे आणि उचलायला सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, हे सगळे हातावर पोट असलेल्या घराने सोसायचे. तारीख चुकली की दोष मात्र रुग्णाचा.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २५ मध्ये अडथळामुक्त आरोग्यसेवा आहे आणि कलम ४१ मध्ये सुगम वाहतूक. सुगम्यतेचे किमान निकष बंधनकारकच हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, नगरपालिकांना स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून रॅम्प असलेली गाडी का मागू नये?

तरुणांनी विहारात बसून आधी यादी करावी: कोणाला, कोणत्या वारी, कोणत्या रुग्णालयात जायचे आहे. एका दिशेचे रुग्ण एका गाडीत बसवले तर भाडे वाटले जाईल. तीच यादी ग्रामसभेत, वॉर्ड कार्यालयात लेखी मागणीसोबत द्यावी आणि पोच घ्यावी.

तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतः धुतले आणि संघाला त्याच्या जबाबदारीची जाणीव दिली. वर्गणी काढून एक फेरी होईल. दर आठवड्याची फेरी हक्कानेच मिळवावी लागेल.

जयभीम!