बेंचवरचे दिवस

२००० साल उजाडताच संगणक गोंधळतील या ‘वायटूके’च्या धास्तीने १९९९मध्ये कोबोल ही जुनी संगणकभाषा येणाऱ्यांना सोन्याचा भाव आला. २००१मध्ये त्यांच्यातलेच कित्येक अमेरिकेहून परतीची तिकिटं काढत होते. मग २००८ची मंदी, करोनाकाळातली माणसांची पळवापळवी, आणि जुलै २०२५मध्ये टीसीएसने जाहीर केलेली सुमारे १२ हजारांची कपात. पुण्याच्या आयटीनगरी हिंजवडीला हे चढउतार नवे नाहीत. (उतरत नाही ती फक्त तिथली वाहतूक.)

आयटीत प्रकल्प संपला की पुढचा मिळेपर्यंत माणूस बेंचवर येतो. पगार चालू, काम नाही, आणि पोटात रोज गोळा. घरच्यांना मात्र वाटतं, बसून पैसे मिळताहेत, मजा आहे! या अंकात अशाच दिवसांबद्दल काही जणांनी मोकळेपणाने लिहिलं आहे. मुलाची नोकरी गेल्याचं शेजाऱ्यांपासून लपवणाऱ्या आईवडिलांनी ते आधी वाचावं.