पळसाला पानं तीनच, हे माहितीये. पण फुलं कधी आली, याची नोंद कुठाय?

फाल्गुनात रिसोड तालुक्यातल्या रिठदपासून थेट गडचिरोलीपर्यंत पळस फुलतो. सगळ्यांचे स्टेटस केशरी होतात आणि २४ तासांत गायब! त्याच सुमारास जपानमध्ये लोक डबे घेऊन साकुरा, म्हणजे चेरीचा बहर बघायला निघतात. त्याला 'हनामी' म्हणतात. मोठा फरक असा, की तिथे बहराची तारीख लिहून ठेवली जाते.

लिहून काय होतं?
जुन्या रोजनिशींमुळे क्योटोतल्या बहराची सुमारे १२०० वर्षांची माहिती हाती आहे. म्हणूनच २०२१ मध्ये २६ मार्चला पूर्ण बहर आला, तेव्हा तो तोवरच्या नोंदींमधला सर्वांत लवकरचा असल्याचं कळलं. वाढतं तापमान हे त्यामागचं मोठं कारण.

ठरवतात कसं?
हवामान खात्याने ठिकठिकाणी ठरावीक झाडं नेमलीत. त्यावर ५-६ फुलं उमलली, की बहर सुरू.

आपल्याकडे काय?
'यंदा पळस लवकर फुलला' असं आपण म्हणतो. पण कधीपेक्षा लवकर? बहर खरंच सरकतोय का, हे आठवणीवरून सांगता येत नाही. 'सीझनवॉच' या भारतीय उपक्रमात कुणीही एक झाड निवडून दर आठवड्याला नोंद करू शकतं. तेही नको असेल, तर साधी वही चालेल: बांधावरचं तेच झाड, पहिलं फूल, तारीख.

एका वर्षाच्या नोंदीतून फार काही कळणार नाही. पण दहा-वीस वर्षांनी गावाकडे स्वतःचा पुरावा असेल. यंदाचा फोटो टाकताना निदान तारीख आणि गावाचं नाव तरी लिहा.