पोटगीचा कायदा बदलला, पण वकिलांच्या अभ्यासाचं काय?

पोटगीच्या केसमध्ये नवऱ्याचं उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. "शेती कोरडवाहू आहे, यंदा काहीच पिकलं नाही, हातात पैसा नाही." विहिरीला पाणी किती, गोठ्यात जनावरं किती, डेअरीचं बिल किती येतं, हे सगळ्या गावाला माहीत असतं. कोर्टाच्या कागदावर मात्र ते येत नाही.

ते कागदावर आणायची सोय सुप्रीम कोर्टाने ४ नोव्हेंबर २०२० रोजीच करून ठेवली आहे. 'रजनीश विरुद्ध नेहा' या निकालानुसार पोटगीच्या केसमध्ये नवरा आणि बायको दोघांनीही आपल्या उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. शेतकरी कुटुंबांसाठी तर त्याचा वेगळा नमुना आहे. जमीन किती, जिरायती की बागायती, पीक कोणतं, गेल्या तीन वर्षांत शेतीतून किती मिळालं, दुसऱ्याची जमीन बटाईने केली आहे का, गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या आहेत का, दुधाचा धंदा आहे का, हे सगळं त्यात लिहावं लागतं. समोरच्याने चार आठवड्यांत प्रतिज्ञापत्र द्यायचं. तारखा मागून मुद्दाम टाळाटाळ केली तर कोर्ट त्याचा बचाव रद्द करू शकतं.

पण हा नमुना वकिलाने मागितलाच नाही तर? २०२३ साली सुप्रीम कोर्टालाच म्हणावं लागलं की या सूचना नीट पाळल्या जात नाहीत. त्या सगळ्या हायकोर्टांना पुन्हा पाठवायला लागल्या.

नुकसान किती होतं?

याच निकालात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. पोटगी अर्ज दिल्याच्या तारखेपासून द्यायची, निकालाच्या तारखेपासून नाही. समजा महिना ५ हजार रुपये पोटगी ठरली आणि केस तीन वर्षं चालली, तर फरक १ लाख ८० हजारांचा पडतो. एवढ्या पैशात लेकरांच्या शाळेचा खर्च निघतो.

१ जुलै २०२४ पासून तर कलमंच बदलली. पोटगीचं जुनं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे. त्यासोबत म्हाताऱ्या आईवडिलांच्या कामाची एक सोय आली. पूर्वी पोरगा पुण्या-मुंबईला असला तर पोटगीसाठी तिकडच्या कोर्टात जावं लागायचं. आता कलम १४५ प्रमाणे आईवडील राहतात तिथेच अर्ज करता येतो. हे माहीत नसलेला वकील आजही सांगेल, "काका, पुण्याला जावं लागेल." आणि काका तिथेच नाद सोडून देतील.

वकिलांना कोण विचारतं?

महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणी चालू ठेवायची तर पाच वर्षांत ३० क्रेडिट तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. न्यायाधीशांसाठी उत्तनला न्यायिक अकादमी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात वकिलांना दर तीन वर्षांनी २५ तासांचं शिक्षण पूर्ण करावं लागतं. आपल्याकडे वकिलीची परीक्षा एकदा पास झाली, सनद हातात आली, की पुढे नवा कायदा वाचला का, हे विचारणारा सक्तीचा नियम देशभरात नाही.

यात सगळा दोष तालुक्याच्या वकिलांवर टाकणं बरोबर नाही. शहरातला वकील फक्त घटस्फोटाच्या केस घेऊन बसू शकतो. तालुक्यात तोच माणूस सकाळी बांधाचा वाद, दुपारी चेक बाऊन्स आणि संध्याकाळी पोटगी बघतो. निकाल इंग्रजीत, शिबिरं बहुतेक मोठ्या शहरात. एक दिवस तिकडे गेला तर त्या दिवसाच्या केस कोण बघणार? म्हणून नुसती सक्ती करून भागणार नाही. प्रशिक्षण तालुक्याच्या बार रूमपर्यंत आणि मराठीत आलं पाहिजे. बार कौन्सिलने मनावर घेतलं तर मोबाईलवरसुद्धा ते देता येईल.

तोपर्यंत काय करायचं?

वकीलसाहेबांना मान देऊनच, पण चार प्रश्न विचारा:

- उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र दोन्हीकडून घेतलं का? शेतीचा नमुना वापरला का?
- पोटगी अर्जाच्या तारखेपासून मागितली आहे ना?
- अंतरिम पोटगीचा अर्ज दिला का? नोटीस लागू झाल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा, असं कायदाच सांगतो.
- अर्जावर कलम नवं टाकलं आहे का?

सातबारा, डेअरीच्या पावत्या, पीककर्जाचे कागद हाताशी ठेवा. केसची तारीख ई-कोर्ट्स अ‍ॅपवर स्वतः बघा. वकील लावायला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, नाहीतर १५१०० वर फोन करा. बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

जो वकील अभ्यास करतो, त्याला या प्रश्नांचा राग येणार नाही. जो करत नाही, त्याला निदान आज रात्री पुस्तक उघडावं लागेल.