आधी काय वाचले?

मे 2001. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याशी संबंधित एका अभ्यासात 24 वर्षांच्या निरोगी स्वयंसेविकेला हेक्सामेथोनियम श्वासावाटे देण्यात आले. महिनाभरात फुप्फुसे निकामी होऊन तिचा मृत्यू झाला. संशोधकाने चाळलेला डेटाबेस तेव्हा 1966 पर्यंतच मागे जात होता. या औषधाचा धोका सांगणारे निबंध 1950 च्या दशकातले होते.

अनुदानासाठीच्या प्रस्तावात पूर्वसंशोधनाचा आढावा का लागतो, ते इथे कळते.

हा आढावा म्हणजे संदर्भांची जंत्री नव्हे. कोणी काय केले, कोणत्या पद्धतीने केले, निष्कर्ष कुठे जुळत नाहीत आणि नेमका कोणता प्रश्न उरतो, हे त्यातून दिसायला हवे. शस्त्रक्रियेतील रक्तस्राव रोखणाऱ्या अॅप्रोटिनिनच्या 1987 ते 2002 दरम्यान 64 चाचण्या झाल्या. बाराव्या चाचणीनंतर, 1992 मध्येच, उत्तर स्पष्ट झाले होते, असे 2005 च्या विश्लेषणात आढळले. पुढच्या बहुतेक निबंधांत आधीच्या थोड्याच चाचण्यांचा उल्लेख होता. पैसा गेलाच, शिवाय गुणकारी ठरलेल्या उपचाराविना कितीतरी रुग्ण शस्त्रक्रियेला सामोरे गेले.

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे ऑनलाइन भांडार भारतीय विद्यापीठांतील प्रबंध मोफत खुले करते. प्रस्ताव लिहिणाऱ्यांनी तिथेही शोध घ्यावा, ग्रंथालयातील जुने अंक उघडावेत, शोधासाठी वापरलेले शब्द आणि तारखा नोंदवाव्यात. परीक्षण समित्यांनीही खर्चाच्या तक्त्याइतक्याच बारकाईने आढाव्याची पाने तपासावीत.