मुठीतलं रताळं
नऊ महिन्यांच्या नातवाच्या हातात खायला काय द्यायचं, म्हणून लेकीने ऑनलाइन पफ मागवले. मी कर्जतच्या बाजारातून रताळी आणली. उकडून, सोलून बोटाएवढे काप केले. चिमटीत दाबले की चुरावेत इतके मऊ. पठ्ठ्याने एक मुठीत धरला, अर्धा कपाळाला फासला, उरलेला चोखत बसला. या वयात अंगठा-तर्जनी जुळायला लागते, त्यामुळे हा पसारा म्हणजे अभ्यासच! खालापूरला माहेरी नाचणीची भाकरी दुधात भिजवून देत; तिच्यात कॅल्शियम भरपूर. धास्ती वेगळ्याच गोष्टींची. उन्हाळा सरताना वाडीवरच्या बाया टोपल्यांतून जांभळं, करवंदं आणतात. जांभळाची बी किंवा अख्खा शेंगदाणा बाळाच्या घशात अडकायला क्षण पुरतो. बाळ खाताना समोरून हलायचं नाही, ते त्यासाठीच. आणि रानातला मध कितीही अस्सल असो, वर्षाच्या आत बोटभरही नको. त्यातून बोटुलिझम होऊ शकतो. मला आजीने जन्मल्याबरोबर चाटवला होता म्हणे. मी तगले, हा काही पुरावा नव्हे. पफचा डबा फडताळातच आहे. चहाबरोबर मीच खाते.